तंत्र चुकतं ते कोणाचं?

इन्हेलरच्या खोक्यात घडी घालून कोंबलेला एक कागद असतो. तो फारसं कुणी वाचत नाही. गोळीचं औषध असेल तर न वाचूनही चालतं; ‘जेवणानंतर एक’ एवढं चिठ्ठीवर लिहिलं की काम भागतं. इन्हेलरचं तसं नाही. इथे कागदावर अख्खी कवायत असते. टोपण काढा, डबी हलवा, छातीतली हवा सोडा, तोंडाशी धरून ओठ घट्ट मिटा, श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच डबी दाबा, हळूहळू खोल श्वास घेत राहा, मग दहा सेकंद रोखून धरा. आणि हे सगळं करायचं कुणी? ज्याला धाप लागली आहे त्याने.

त्याच मेडिकलच्या त्याच फळीवर दुसरा इन्हेलर असतो, कोरड्या पावडरचा. त्याचा कागद सांगतो: श्वास जोरात ओढा, अगदी सुरुवातीपासून जोरात. काही पेशंटकडे दोन्ही प्रकार असतात, एक रोजचा आणि एक अडीअडचणीचा. पहिल्यात जोरात ओढलं तर औषध घशावर आपटतं. दुसऱ्यात हळू ओढलं तर पावडर नीट सुटतच नाही. दोन्ही वेळा केसपेपरवर शेरा एकच: इन्हेलर टेक्निक चूक.

मला या शेऱ्याची समीक्षा करायची आहे. पुस्तकाची किंवा सिनेमाची करतो तशी वस्तूचीही समीक्षा करता येते. तिने समोर कुठला माणूस धरला आहे, त्याच्याकडून काय अपेक्षा ठेवल्या आहेत, आणि तो तसा निघाला नाही तर दोष कुणाच्या पदरात टाकला आहे, हे विचारता येतं. खिशात मावणारा इन्हेलर बाजारात येऊन जवळजवळ सत्तर वर्षं झाली. माझं म्हणणं असं, की या काळात औषधाचा कण आणि तो उडवणारं यंत्र यांवर प्रचंड बुद्धी खर्च झाली, पण श्वास घेणारा माणूस बहुतेक वेळा त्या घडी घातलेल्या कागदावर ढकलला गेला.

घाटातला ट्रक

आधी अडचण किती खरी आहे ते बघू. फुप्फुस हे बाहेरच्या गोष्टी आत येऊ नयेत अशा बेताने बनलेलं आहे. श्वासनलिकेपासून वायुकोशांपर्यंत साधारण २३ वेळा फाटे फुटतात आणि शेवटी काही कोटी वायुकोश असतात. वाटेत ओलावा, चिकट स्राव, खोकला आणि घाण बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस. धुळीला अडवणारी ही सगळी व्यवस्था औषधालाही अडवते.

आत पोचायचं तर कण साधारण १ ते ५ मायक्रॉनचा हवा. आपल्या डोक्याचा केस यापेक्षा कितीतरी पट जाड असतो. पाच मायक्रॉनहून मोठा कण घशाच्या वळणावर आदळतो. भरधाव अवजड ट्रकला घाटातलं वळण घेता येत नाही, तसं. खूप बारीक कण आत जातो, पण बराचसा उच्छ्वासाबरोबर परत बाहेर येतो. मधल्या मापाचे कण आत जाऊन हळूहळू खाली बसतात. त्यांना बसायला वेळ मिळावा म्हणून ते दहा सेकंद.

एवढा खटाटोप करायचं कारणही भक्कम आहे. साल्ब्युटामॉलची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. इन्हेलरच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे लहान गोळीच्या विसाव्या भागाइतकं औषध असतं. एवढ्याशा डोसात काही मिनिटांत छाती मोकळी होते, आणि गोळीनंतर होणारी हातांची थरथर, धडधड कमी होते. दम्यासाठी श्वासावाटे दिलेलं औषध सरस आहे, याबद्दल वाद नाही. वाद पुढचा आहे.

ट्रकचं वळण घेणं त्याच्या वजनावर अवलंबून असतं तसंच वेगावरही. श्वास जोरात असेल तर तीन मायक्रॉनचा कणही घशावर आपटू शकतो. कणाचा आकार कारखान्यात ठरतो, पण तो कुठे उतरणार हे श्वास ठरवतो. मग कारखान्यात तपासणी कुठल्या श्वासावर होते?

नेहमीच्या तपासणीत इन्हेलरसमोर माणूस नसतो, व्हॅक्यूम पंप असतो. फवाऱ्याच्या इन्हेलरसाठी तो बहुधा मिनिटाला २८.३ लिटर या वेगाने एकसारखी हवा ओढतो, आणि आत आलेले कण एकाखाली एक ठेवलेल्या तबकड्यांवर आकारानुसार वेगळे होतात. २८.३ हा आकडा कुणाच्या छातीवरून आलेला नाही. तो एक घनफूट, लिटरमध्ये लिहिलेला. प्रत्येक बॅच सारखी आहे ना हे तपासायला अशी पद्धत हवीच, आणि अलीकडे संशोधनात खऱ्या श्वासाचे आलेख चालवणारी यंत्रंही वापरतात. तरीही प्रत्येक लेखकाच्या मनात एक आदर्श वाचक असतो तसा इन्हेलरचा आदर्श वाचक शोधायचा झाला, तर तो हा पंप आहे. तो घाबरत नाही, त्याला खोकला येत नाही, आणि डबी दाबण्याची वेळ त्याची कधीच चुकत नाही.

केसांचा स्प्रे आणि छाती

आधुनिक इन्हेलरच्या जन्माची गोष्ट औषध उद्योगात कौतुकाने सांगितली जाते. १९५५ मध्ये अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीजचे अध्यक्ष जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. तेव्हा रबरी फुगा दाबून चालवायचं काचेचं नेब्युलायझर वापरावं लागे. फुटणारं, गळणारं, शाळेत नेता न येणारं. केसांच्या स्प्रेसारखं माझं औषध डब्यात का भरत नाहीत, असं तिने विचारलं. रायकरच्या माणसांनी अत्तरासाठी बनलेला मोजका फवारा देणारा व्हॉल्व्ह घेतला, दाबाखाली द्रवरूप राहणारा वायू घेतला आणि १९५६ मध्ये ‘मेडिहेलर’ बाजारात आणला.

काम विलक्षण वेगाने झालं आणि त्याने असंख्य लोकांचं आयुष्य बदललं. पण समीक्षकाने प्रश्न आणि उत्तर शेजारी ठेवून बघावं. मुलीचा प्रश्न सोबत नेण्याचा होता, आणि त्याचं उत्तर चोख मिळालं. फवारा मात्र केसांच्या डब्यातून जशाच्या तसा उचलला गेला. केस जागच्या जागी असतात, त्यांच्यावर कधीही फवारा मारला तरी चालतं. छाती हलती असते. फवारा आणि श्वास एकाच क्षणी सुरू झाले नाहीत तर औषध जिभेवर राहतं. त्या क्षणाची जबाबदारी यंत्राने घेतली नाही. ती बोटाकडे गेली, आणि बोट पेशंटचं.

दुसरा मोठा प्रयत्न दहाएक वर्षांनी इंग्लंडमध्ये झाला आणि तो करणारा माणूस स्वतःच दमेकरी होता. रॉजर अल्टुनियन १९२२ मध्ये सीरियातल्या अलेप्पोत जन्मला, आर्मेनियन वंशाच्या डॉक्टरांच्या घरात. आर्थर रॅन्समच्या ‘स्वॉलोज अँड अॅमेझॉन्स’ या बालकादंबरीतला धाकटा रॉजर त्याच्यावरून बेतलेला. मोठेपणी तो डॉक्टर झाला आणि औषधकंपनीत काम करू लागला. खेल्ला नावाच्या वनस्पतीतल्या द्रव्यावरून तयार केलेली एकेक संयुगं तो स्वतःवर तपासायचा: आधी गिनीपिगच्या केसांचा अर्क हुंगून मुद्दाम दमा उठवायचा, मग औषधाने तो किती अडतो ते मोजायचा. त्यातून क्रोमोग्लायकेट हे प्रतिबंधक औषध मिळालं. त्याचा डोस होता २० मिलिग्रॅम, म्हणजे फवाऱ्याच्या डबीत मावणार नाही एवढा.

अल्टुनियन दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात वैमानिकांचा प्रशिक्षक होता. त्याच्या ‘स्पिनहेलर’मध्ये औषधाची कॅप्सूल एका चिमुकल्या पंख्यावर बसवलेली असायची, विमानाच्या पंख्यासारख्या. श्वास ओढला की पंखा फिरायचा आणि पावडर हवेत मिसळायची. इथे दाबण्याचा क्षणच उरला नाही, कारण यंत्र श्वासावरच चालतं. मेडिहेलरची मूळ चूक या माणसाने मुळातच काढून टाकली. मला ते नवल वाटत नाही. त्याच्या प्रयोगशाळेत व्हॅक्यूम पंपाच्या आधी त्याची स्वतःची घरघरणारी छाती होती.

पण यातही एक खोच राहिली. श्वासावर चालणाऱ्या यंत्राची वीज म्हणजे श्वास. अटॅक आला की नेमकी तीच जाते. क्रोमोग्लायकेट रोज, बरं असताना घ्यायचं औषध होतं, म्हणून तिथे हे खपून गेलं. हीच रचना पुढे तातडीच्या औषधांसाठीही वापरली गेली, तेव्हा ‘जोरात ओढा’ ही सूचना कागदावर आली आणि जबाबदारी पुन्हा माणसाकडे गेली.

आपल्याकडचा ‘पंप’

भारतात इन्हेलर घराघरांत नेण्याचं मोठं काम मुंबईच्या सिप्लाने १९७० च्या दशकापासून केलं. आपल्या ओळखीची पावडरची कॅप्सूल आणि ती फिरवून उघडणारा रोटाहेलर हा त्यातलाच प्रकार. मूळ कल्पना ब्रिटनच्या ग्लॅक्सोकडची, पण ती रुजली इथे. रोटाहेलरवर टीका करण्याआधी त्याची बाजू नीट मांडायला हवी. यंत्र स्वस्त आहे. ते पारदर्शक असल्याने कॅप्सूल रिकामी झाली की नाही हे डोळ्यांनी दिसतं. पावडर उरली असेल तर आणखी एकदा ओढता येते. महागड्या बंद यंत्रांमध्ये अनेकदा ही सोय नसते. औषध गेलं का, हा पेशंटच्या मनातला सगळ्यात मोठा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर रोटाहेलर न बोलता देतो.

दोष असा की कॅप्सूल दिसायला हुबेहूब गिळायच्या कॅप्सूलसारखी आहे. म्हणून ‘गिळू नये’ असं बजावावं लागतं आणि तरीही लोक गिळतात. चूक होणार हे आधीच माहीत असताना आकार तोच ठेवायचा आणि वर सूचना छापायची, हा या क्षेत्राचा जुना स्वभाव. शिवाय कोरड्या पावडरचा शत्रू दमट हवा. जून ते सप्टेंबरच्या कोकणात आणि मुंबईत बाटलीचं झाकण नीट लावलं नाही, किंवा यंत्रात चुकून तोंडाने हवा फुंकली, की पावडरच्या गुठळ्या होतात.

याहून अवघड गोष्ट यंत्राच्या बाहेर आहे. मराठी घरांत इन्हेलरला ‘पंप’ म्हणतात आणि ‘त्याला पंप लागला’ हे वाक्य आवाज खाली आणून बोललं जातं. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटची पायरी, लग्न ठरेपर्यंत कुणाला दाखवू नको, हे सगळं आपण ऐकलेलं असतं. लोक पंपाऐवजी गोळी आणि सिरप मागतात, कारण ते चारचौघांत घेता येतं. या भीतीची किंमत मोठी आहे. ‘ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज’च्या २०१९ च्या अंदाजानुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त इथे होतात. त्यामागे उशिरा निदान आहे, पैसा आहे, डॉक्टरांपर्यंतचं अंतर आहे. आणि रोज घ्यायचं श्वासावाटेचं स्टेरॉइड वेळेवर सुरू न होणं किंवा मध्येच सुटणं, हेही आहे. चारचौघांत वापरताना माणसाला काय वाटेल हा विचार सजावटीचा नाही. डोस ठरवण्याइतकाच तो औषधाचा भाग आहे.

तीन गुणिले एक बरोबर तीन नाही

हे न ओळखल्याची सगळ्यात महागडी गोष्ट दम्याच्या बाहेर, मधुमेहात घडली. ‘एक्झुबेरा’ हे श्वासावाटे घ्यायचं इन्सुलिन अमेरिकेत जानेवारी २००६ मध्ये मंजूर झालं. फायझरने त्याच सुमारास भागीदार कंपनीचा हक्क १.३ अब्ज डॉलरना विकत घेतला. सुईपासून सुटका, असं वचन होतं. ऑक्टोबर २००७ मध्ये फायझरने ते गुंडाळलं आणि २.८ अब्ज डॉलरचा फटका हिशेबात दाखवला. त्या वर्षीच्या पहिल्या नऊ महिन्यांत विक्री झाली होती १.२ कोटी डॉलरची.

तांत्रिक बाजूने एक्झुबेरा हुशार होता. नेक्टर कंपनीने बनवलेल्या यंत्रात दाबलेल्या हवेने पावडरचा ढग तयार व्हायचा आणि पारदर्शक नळकांड्यात थांबायचा. मग तो आपल्या गतीने आत घ्यायचा. फवारा आणि श्वास जुळवायची कसरत नव्हती. म्हणजे श्वासाचा प्रश्न त्यांनी सोडवला होता. बाकीचा माणूस राहून गेला. उघडलं की ते यंत्र जवळजवळ फूटभर लांब व्हायचं. जेवणाआधी हॉटेलात ते तोंडाला लावणाऱ्याकडे सगळं टेबल बघणार. अमेरिकेत लोकांनी त्याची तुलना गांजा ओढायच्या बाँगशी केली.

त्याहून गंभीर गोष्ट डोसाची. इन्सुलिन घेणारा माणूस युनिटमध्ये विचार करतो. एक्झुबेरा आला मिलिग्रॅममध्ये: १ मिलिग्रॅमची पुडी साधारण ३ युनिटची आणि ३ मिलिग्रॅमची साधारण ८ युनिटची. शिवाय इशारा असा, की तीनच्या एका पुडीऐवजी एकच्या तीन पुड्या घेऊ नका. त्यातून शरीरात लक्षणीय जास्त इन्सुलिन जातं. तीन गुणिले एक बरोबर तीन नाही! पावडरच्या भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हे समजू शकतं. पण ज्या औषधाचा डोस चुकला तर साखर उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो, त्यात हे गणित स्वयंपाकघरात उभं राहून करायला सांगणं म्हणजे डिझाइन अर्धवट सोडून देणं. दरम्यान इन्सुलिन पेनच्या सुया बारीक आणि आखूड होत गेल्या होत्या. ज्या भीतीवर हे उत्तर उभं होतं तीच आकसली होती.

पुढे २०१४ मध्ये ‘अफ्रेझा’ आलं. यंत्र तळहातात लपेल एवढं, कण फुप्फुसात चटकन विरघळणारे, परिणाम वेगवान. धडा घेतलेला दिसतो. तरीही दमा किंवा सीओपीडी असणाऱ्यांना ते चालत नाही, आणि सुरू करण्याआधी व नंतर ठरावीक काळाने फुप्फुसाची स्पायरोमेट्री तपासणी करावी लागते. डिसेंबर २०२४ मध्ये सिप्लाला भारतात ते विकायची परवानगी मिळाली. चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या, सीओपीडीचं निदानच न झालेल्या बाईसाठी ही स्पायरोमेट्रीची अट कळीची आहे. ती तपासणी तालुक्याच्या गावात किती सहज होते, या प्रश्नावर अफ्रेझाची इथली परीक्षा होईल.

३१ टक्के

आता मूळ शेऱ्याकडे येऊ. ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतले १४४ अभ्यास आणि चोपन्न हजारांहून अधिक पेशंट त्यात होते. इन्हेलर बरोबर वापरणारे निघाले ३१ टक्के. फवारा आणि श्वास जुळवण्यात चुकणारे, श्वासाचा वेग किंवा खोली चुकणारे आणि नंतर श्वास न रोखणारे, प्रत्येक गटात चाळीस टक्क्यांहून जास्त. आणि सगळ्यात बोचरी गोष्ट, पहिल्या वीस वर्षांत आणि नंतरच्या वीस वर्षांत म्हणावा असा फरक नाही.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एक जुना कुजकट विनोद आहे: बिघाड खुर्ची आणि कीबोर्ड यांच्या मध्ये आहे. म्हणजे वापरणाऱ्यात. पण एखादं बटण दोन तृतीयांश लोकांकडून चुकीचं दाबलं जात असेल, तर आठवड्याभरात कुणीतरी ते बटण बदलतं. चाळीस वर्षं लोकांनाच पुन्हा पुन्हा शिकवत राहण्याची सवलत आम्हाला कुणी देत नाही.

ही तुलना पूर्ण बरोबर नाही, हे मान्य करायला हवं. अॅप आठवड्यात बदलता येतं. इन्हेलर बदलला की नव्या चाचण्या, नवी मंजुरी, कैक वर्षं. शिकवणंही वाया जात नाही: पुन्हा पुन्हा करून दाखवलं तर लोक सुधारतात. आणि श्वास सुरू होताच आपोआप फवारा सोडणारे इन्हेलर कंपन्यांनी बनवलेही आहेत. मग ते सगळीकडे का पोचले नाहीत? एक कारण किंमत आणि पेटंट. दुसरं कारण जास्त विचार करण्यासारखं आहे. अमेरिकेत जेनेरिक इन्हेलर मंजूर करताना त्याची हाताळणी मूळ यंत्रासारखीच असावी अशी अपेक्षा असते, म्हणजे पेशंट गोंधळणार नाही. हेतू रास्त आहे. परिणाम असा, की मूळ यंत्रातली अवघड हाताळणीसुद्धा वारशाने पुढे जाते.

बदल शक्यच नव्हता असंही नाही. जुन्या फवाऱ्यांतला सीएफसी वायू ओझोनला मारक होता. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर तो बदलणं भाग पडलं. नव्या वायूसाठी व्हॉल्व्हपासून सगळं पुन्हा बांधावं लागलं, आणि त्यात बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचा एक नवा फवारा इतक्या बारीक कणांचा निघाला की डोसातला निम्म्याहून जास्त भाग फुप्फुसात जाऊ लागला. जुन्या फवाऱ्यात तो दहा टक्क्यांहूनही कमी होता. इतकी वर्षं बहुतांश औषध घशात जात होतं, आणि ते बदलायला आभाळाला भोक पडावं लागलं. याच बदलाची दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेत २००८ च्या अखेरीस सीएफसीचे स्वस्त जेनेरिक साल्ब्युटामॉल फवारे बंद झाले आणि त्यांच्या जागी पेटंटवाले महाग आले. ओझोन वाचवायचं बिल दमेकऱ्याने भरलं.

बाटली आणि पोकळ कण

समीक्षेत चांगलं काय हेही दाखवावं लागतं. माझ्या दृष्टीने या इतिहासातल्या उत्तम रचनांपैकी एक म्हणजे प्लॅस्टिकची बाटली. फवारा आणि तोंड यांच्या मध्ये पोकळ डबा ठेवला, म्हणजेच स्पेसर लावला, की वेळ जुळवायची गरज जवळजवळ संपते. मोठे कण डब्यातच थांबतात, बारीक कण सावकाश आत घेता येतात. पण तयार स्पेसर गरीब देशांत महाग पडतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनच्या डॉक्टरांनी ५०० मिलिलिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटलीला भोक पाडून इन्हेलर बसवला आणि अटॅक आलेल्या मुलांमध्ये तिची तुलना विकतच्या स्पेसरशी केली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष: नीट बसवून सील केलेली बाटली तितकीच चांगली चालते. या डॉक्टरांनी समोर धरलेला माणूस व्हॅक्यूम पंप नव्हता. ते रडणारं, घाबरलेलं मूल होतं, आणि त्याला काहीही न शिकवता औषध द्यायचं होतं.

दुसरं उदाहरण अगदी उलट टोकाचं, महागड्या प्रयोगशाळेतलं. सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना टोब्रामायसिन हे प्रतिजैविक नेब्युलायझरने द्यावं लागे. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी पंधरा-वीस मिनिटं, वर यंत्र धुणं-उकळणं. त्याची पावडर करण्यात आली ती पोकळ, सच्छिद्र कणांची, इतक्या हलक्या की आजारी फुप्फुसाचा कमजोर श्वासही त्यांना उचलू शकेल. यंत्रही कमी अवरोधाचं. २०१३ मध्ये अमेरिकेत ते मंजूर झालं. डोस म्हणजे एका वेळी चार कॅप्सूल, पण काम पाचेक मिनिटांत होतं. गंमत म्हणजे हे सच्छिद्र कणांचं तंत्र नेक्टरकडचंच, त्याच एक्झुबेरावाल्या नेक्टरकडचं. २००८ मध्ये तो विभाग नोव्हार्टिसने घेतला. तंत्रज्ञान त्याच घरातलं. या वेळी प्रश्न पेशंटच्या श्वासापासून सुरू झाला होता.

आता माझ्याच व्यवसायातून आलेलं उत्तर. इन्हेलरला सेन्सर लावा, ब्लूटूथने फोनला जोडा, प्रत्येक श्वास मोजा. टेव्हा कंपनीच्या अशा ‘डिजिहेलर’ला अमेरिकेत २०१८ च्या डिसेंबरमध्ये मंजुरी मिळाली, २०२४ मध्ये कंपनीने ही मालिका बंद केली. डोस चुकला का हे डॉक्टरांना कळणं उपयोगी आहे, यात शंका नाही. पण बहुतेक स्मार्ट इन्हेलर करतात काय? यंत्र तेच ठेवून ते तुम्हाला कळवतात की तुमचा श्वास कमी पडला. म्हणजे तोच घडी घातलेला कागद, आता नोटिफिकेशनच्या रूपात, आणि शेरा आता तारीख-वेळेसह नोंदवलेला.

श्वासावाटे द्यायची औषधं यापुढे वाढणार आहेत. २०२२ मध्ये चीनमध्ये कोविडची श्वासावाटे घ्यायची बूस्टर लस मंजूर झाली. हवामानबदलामुळे फवाऱ्यांतला सध्याचा वायूही बदलायचं काम चालू आहे, कारण तो कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता धरतो. म्हणजे व्हॉल्व्ह पुन्हा बांधले जातील, पुन्हा चाचण्या होतील. मागच्या वेळी हे घडलं तेव्हा एका औषधाचा कण सुधारला आणि दुसऱ्याची किंमत वाढली. या वेळी मागणी आधीच नोंदवून ठेवायला हवी: नवीन इन्हेलरच्या मंजुरीच्या कागदांत व्हॅक्यूम पंपाच्या आकड्यांशेजारी आणखी एक आकडा असावा. काहीही न शिकवता, फक्त खोकं हातात दिलं, तर शंभरातल्या किती जणांनी तो बरोबर वापरला? हा आकडा काढायला नवा शोध लागत नाही. शंभर माणसं आणि एक खोली पुरते.

तो आकडा मिळेपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. घरात कुणाला इन्हेलर लिहून दिला असेल तर तो कसा घ्यायचा हे तोंडी ऐकून बाहेर पडू नका. डॉक्टरांना किंवा केमिस्टला करून दाखवायला सांगा, मग त्यांच्यासमोर एकदा करा, आणि स्पष्ट विचारा: यात हळू की जोरात? स्पेसर लावू का? आणि पुढच्या वेळी कुणी केसपेपरवर ‘टेक्निक चूक’ असं लिहिलं, तर कुठल्या यंत्राचं, हेही शेजारी लिहून घ्या.